चारची रेघ कुणी ओढली?



पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने हल्ली 'फुल बॉडी चेकअप' केलं की रिपोर्टच्या शेवटच्या पानांवर कुठेतरी एक ओळ येते. डावीकडे 'टोटल पीएसए', मध्ये आकडा, उजवीकडे संदर्भमूल्य : ०.०० ते ४.००. आकडा ३.८ असेल तर तो साध्या टायपात छापलेला असतो. ४.३ असेल तर ठळक, आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. ३.८ वाला गृहस्थ रिपोर्टची घडी घालून चहा प्यायला जातो. ४.३ वाला त्या रात्री मोबाइल घेऊन बसतो आणि सकाळी युरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतो. दोघांत फरक अर्ध्या नॅनोग्रॅमचा, तोही एका मिलिलिटर रक्तात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा अर्धा नॅनोग्रॅम आहे. तो कॅन्सरमधून आला, वयामुळे आला, की जन्मतःच आईवडिलांकडून मिळाला?

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली छोटी ग्रंथी. तिथे पीएसए नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं. निसर्गाने त्याला दिलेल्या कामाचा कॅन्सरशी काही संबंध नाही. वीर्य बाहेर पडल्यावर आधी गोठतं आणि काही मिनिटांत पातळ होतं. ते पातळ करण्यासाठी सेमिनोजेलिन नावाच्या प्रथिनांचे तुकडे करायचे, हे पीएसएचं काम. वीर्यात ते मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं, रक्तात त्याच्या सुमारे दहा लाखांश. रक्तात सापडतं ते झिरपलेलं. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतं तेव्हा भिंतीला तडा गेला असं लगेच कुणी म्हणत नाही. मागे पाणी किती साठलंय यावरही झिरप ठरते. तसंच इथे. ग्रंथी वयामुळे मोठी झाली, तिथे जंतुसंसर्ग झाला, लघवीसाठी नळी घातली, आदल्या दिवशी वीर्यस्खलन झालं, तरी आकडा वर जातो. कॅन्सरमुळे पेशींची रचना विस्कटली तरी वर जातो. आणि एखाद्याच्या ग्रंथीत पीएसए मुळातच जास्त बनत असेल तर काहीही बिघडलेलं नसतानाही तो वर असतो.

या रेणूचा इतिहास गमतीदार आहे. अमेरिकेत रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या प्रतिजनाचा शोध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जपानमध्ये मित्सुवो हारा यांनी वीर्यातलं एक प्रथिन वेगळं केलं, पण त्यांचा हेतू न्यायवैद्यकाचा होता : कपड्यावरचा डाग वीर्याचा आहे की नाही हे ठरवायचं. म्हणजे हॉस्पिटलआधी हा रेणू गुन्हे तपासाच्या प्रयोगशाळेत पोचला होता. बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या गटाने १९७९ मध्ये तो प्रोस्टेटमधून शुद्ध स्वरूपात काढला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणीला परवानगी दिली, पण ती फक्त कॅन्सर झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी माणसात कॅन्सर हुडकायला ती वापरता येईल, हे विल्यम कॅटालोना यांच्या १९९१ च्या अभ्यासाने पुढे आणलं, आणि १९९४ मध्ये त्यालाही मान्यता मिळाली.

आणि ती चारची रेघ? हायब्रिटेक या कंपनीने आपलं किट बाजारात आणलं तेव्हा निरोगी पुरुषांच्या रक्तातली पातळी मोजली गेली. जवळजवळ सगळ्यांची चारच्या आत निघाली. कॅटालोनांनी तीच रेघ उचलली, प्रयोगशाळांनी कॅटालोनांची उचलली, आणि ती आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या छापील फॉर्मवर आहे. कुठल्या लोकांवर मोजली, ते कोणत्या वंशाचे, कोणत्या वयाचे, हे रकान्यात मावत नाही.

रेघ किती तकलादू आहे हे २००४ मध्ये सर्वांसमोर आलं. इयन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी अशा २,९५० पुरुषांची बायोप्सी केली, ज्यांचा पीएसए सात वर्षांत एकदाही चारच्या वर गेला नव्हता आणि बोटाने केलेली तपासणीही नॉर्मल होती. ४४९ जणांमध्ये, म्हणजे १५.२ टक्क्यांमध्ये, कॅन्सर सापडला. उलट बाजूही तितकीच बोलकी. युरोपातल्या सर्वांत मोठ्या चाचणीत आकडा वाढला म्हणून ज्यांची बायोप्सी झाली, त्यांच्यातल्या दर चारपैकी सुमारे तिघांना कॅन्सर नव्हता.

बायोप्सी म्हणजे हातावरची सुई नव्हे. जुन्या पद्धतीत गुदमार्गातून सोनोग्राफीचा दांडा घालून प्रोस्टेटचे दहा-बारा बारीक तुकडे काढतात. नंतर काही दिवस लघवीत आणि वीर्यात रक्त दिसतं. काहींना थंडी वाजून ताप येतो, थोड्यांमध्ये जंतुसंसर्ग थेट रक्तात भिनतो. आपल्याकडे नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू पोटात बाळगणारे लोक बरेच असल्यामुळे ही भीती पुस्तकी नाही. आता आधी एमआरआय करून, पेरिनियमच्या, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या, त्वचेतून सुई घालण्याकडे कल आहे, ते बरंच आहे. पण एमआरआयलाही पैसे पडतात आणि चांगला वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागतो.

मग पीएसएची चाचणी बंदच करावी का? ॲब्लिन यांनी स्वतः २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून तिच्या सरसकट वापरावर कडाडून टीका केली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१२ मध्ये ती करू नका असं सांगितलं, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, असं म्हणत पाऊल मागे घेतलं. त्याच युरोपीय चाचणीचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला : तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी; ४५६ जणांना बोलावलं तर एक मृत्यू टळतो. फायदा खरा आहे, आणि लहान आहे. वाद सगळा त्याच्या किमतीचा : किती निरोगी माणसांनी सुया टोचून घ्यायच्या, आणि कधीच त्रास न देणाऱ्या गाठींसाठी किती जणांनी ऑपरेशनं करून घ्यायची. सत्तरीतल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात साधारण एकतृतीयांशांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात; बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नसतो.

इथे जनुकं येतात.

जुळ्या भावांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासातून असा अंदाज निघाला आहे की माणसामाणसातल्या पीएसएच्या फरकापैकी ४० ते ४५ टक्के फरक वारशाचा आहे. हा वारसा कॅन्सरचा नाही, आकड्याचा आहे. भाषण ऐकून घरी गेल्यावर बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हा भेद लक्षात राहावा. काही जनुकं आजार वाढवतात. काही फक्त आकडा वाढवतात. आणि काही दोन्ही करतात. सगळा गोंधळ त्यांनीच घातला आहे.

आइसलँड हा छोटा देश, लोकसंख्या चार लाखांच्या आत, आणि वंशावळींच्या नोंदी शेकडो वर्षांच्या. तिथल्या डीकोड जेनेटिक्स या कंपनीने २०१० मध्ये प्रोस्टेट कॅन्सर नसलेल्या १५ हजारांहून अधिक पुरुषांची जनुकं त्यांच्या पीएसएशी ताडून पाहिली. जनुकसंचातल्या सहा जागा सापडल्या. संशोधकांनी लगेच पुढचं पाऊल टाकलं : यातल्या काही जागांवरून प्रत्येक पुरुषाची नॉर्मलची रेघ वेगळी काढता येईल. पुढे अमेरिकेत ब्रायन हेलफँड यांच्या गटाने चार जनुकीय फरकांवरून आकडा दुरुस्त केला आणि दाखवलं, की बायोप्सीच्या रेघेवर गेलेल्या पुरुषांपैकी काही जणांचा दुरुस्त आकडा रेघेच्या खाली येतो.

यातली सर्वांत ठळक जागा एकोणिसाव्या गुणसूत्रावर, खुद्द पीएसएच्या जनुकात आहे. त्याचं नाव केएलके३. पंधरा भावंडांची रांग आहे ही, केएलके१ पासून केएलके१५ पर्यंत, एकाला लागून एक. केएलके३ मध्ये काही लोकांत एक अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे प्रथिनाच्या १७९ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन बसतं. युरोपीय वंशात हा बदल साधारण ७ टक्के गुणसूत्रांवर आहे. तो ज्यांच्यात आहे त्यांच्या रक्तातला पीएसए कमी भरतो. आता यावरून काय निष्कर्ष काढायचा? या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं निदान कमी होतं, हे आकडेवारीत दिसत होतं, म्हणून बराच काळ हा बदल संरक्षक समजला गेला. पण आकडाच कमी असेल तर बायोप्सीला कोण पाठवणार? बायोप्सी नाही तर निदान नाही, आणि नंतर निदान होतं तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. या गटात कमी रुग्ण, पण सापडलेल्यांत वाईट कॅन्सरचं प्रमाण जास्त, असं चित्र दिसण्याचं एक कारण ते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अभ्यासाने प्रकरण आणखी किचकट केलं : हा बदललेला पीएसए प्रथिनं कापण्यात कमकुवत असतो, प्रयोगात त्याच्यामुळे गाठ लहान राहिली, पण पेशी पसरण्याकडे, हाडात जाण्याकडे कल वाढला. म्हणजे तपासणीचा पूर्वग्रह आणि जीवशास्त्र, दोन्ही एकाच अक्षरात गुंतलेले. ज्यांना जनुकशास्त्राकडून सरळ उत्तरं हवी असतात त्यांनी ही जागा जरा सावकाश पाहावी.

दुसरी जागा दहाव्या गुणसूत्रावरची, एमएसएमबी जनुकाजवळची. इथला एक फरक प्रोस्टेटमधलं एमएसपी हे दुसरं प्रथिन कमी करतो, पीएसए वाढवतो, आणि कॅन्सरचा धोकाही वाढवतो. हा फरक असलेल्या पुरुषाचा आकडा 'तुमचा वारसाच तसा आहे' म्हणून कमी करून दाखवला तर खऱ्या धोक्याची घंटाही त्याबरोबर बंद होते. आकडा दुरुस्त करायचा तर आधी कोणतं जनुक नुसता आकडा हलवतं आणि कोणतं आजारही हलवतं, हे वेगळं काढावं लागतं. आणि ज्या आकडेवारीवरून ते काढायचं ती आकडेवारीच पीएसए पाहून बायोप्सी झालेल्या लोकांची.

या अडचणी ठाऊक असूनही काम पुढे गेलं. कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसेवा संस्थेच्या रुग्णांवरून २०१७ मध्ये ४० फरक नोंदवले गेले. लिंडा काचुरी, जॉन विटे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ९५,७६८ पुरुषांवरून १२८ फरकांची यादी दिली आणि त्यांचा मिळून एक पॉलिजेनिक स्कोअर बनवला. त्याचा वापर असा. समजा एका पुरुषाचा पीएसए ४.८ आला. स्कोअर सांगतो की त्याची जन्मजात पातळी सरासरीच्या १.३ पट आहे. ४.८ ला १.३ ने भागलं की ३.७. बायोप्सी टळते. दुसऱ्याचा आकडा ३.१, दिसायला निर्धोक; पण त्याची जन्मजात पातळी सरासरीच्या पाऊणपट. भागाकार ४.१. याला थांबवून नीट पाहायला हवं. पहिल्या पुरुषाची सुटका ही बातमी होते, पण वैद्यकाच्या दृष्टीने दुसरा पुरुष जास्त महत्त्वाचा आहे, कारण आजच्या पद्धतीत त्याच्या रिपोर्टवर बाणच छापला जात नाही.

काचुरींच्या हिशेबात युरोपीय वंशाच्या पुरुषांत या दुरुस्तीमुळे कॅन्सर न निघणाऱ्या बायोप्सींपैकी ३१ टक्क्यांपर्यंत टळल्या असत्या. त्याची किंमत : खरोखर कॅन्सर असलेल्यांच्या बायोप्सीही १२ टक्क्यांनी घटल्या असत्या, बहुतेक कमी जोमाच्या, म्हणजे गाठीची आक्रमकता मोजणाऱ्या ग्लीसन श्रेणीत सातच्या खालच्या गाठी असलेल्यांच्या. आक्रमक कॅन्सर ओळखण्याची क्षमता मोजायचा एक निर्देशांक आहे, त्यात ०.५ म्हणजे छापा-काटा आणि १ म्हणजे अचूक. दुरुस्तीने तो ०.७३८ वरून ०.७५५ वर गेला. एवढ्यावर गुलाल उधळायचं कारण नाही. आजाराचा धोका सांगणारा वेगळा स्कोअर त्याला जोडला की ०.७८६ होतो, ते अधिक आशादायक.

नंतर अमेरिकेच्या माजी सैनिकांचा मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम आला. तो २०११ मध्ये सुरू झाला आणि २०२३ अखेर त्यात दहा लाख लोकांची नोंद पूर्ण झाली. त्याच्या बळावर ३,९२,५२२ पुरुषांचा एकत्रित अभ्यास झाला आणि फरकांची संख्या ४४७ वर गेली. या स्कोअरने युरोपीय वंशात पीएसएमधल्या फरकाचा सुमारे १७ टक्के भाग उलगडला. आफ्रिकी वंशात मात्र ९.५ टक्केच. वय वाढलं की तो कमी उपयोगी पडतो, कारण तेव्हा ग्रंथीचा वाढलेला आकारच आकड्यावर राज्य करतो. नेमक्या ज्या वयात चाचणी सर्वाधिक होते त्या वयात.

आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांचा आकडा अर्धवट ज्ञानावरून खाली ओढला तर निदान उशिरा होईल. किडनीच्या बाबतीत हे झालेलं आहे. कृष्णवर्णीयांसाठी क्रिएटिनिनवरच्या सूत्रात वर्षानुवर्षं एक वेगळा गुणक होता, त्यामुळे त्यांची किडनी आहे त्यापेक्षा धडधाकट दिसायची आणि पुढचे उपचार लांबायचे. २०२१ मध्ये तो गुणक काढून टाकला गेला. त्वचेच्या रंगावरून केलेली दुरुस्ती आणि प्रत्यक्ष जनुक वाचून केलेली दुरुस्ती यांत फरक आहे, हे मान्य. पण स्कोअर बनवताना ज्यांची जनुकं वाचलीच नाहीत त्यांच्यासाठी तो फरक फार उरत नाही. ४४७ फरकांच्या अभ्यासातल्या पहिल्या टप्प्यात २,९६,७५४ पुरुष होते. त्यात आशियाई ३,६३०. संपूर्ण आशिया खंड.

रक्तातल्या आकड्याला जनुकांनी चकवणं हे प्रोस्टेटपुरतं नाही, आणि महाराष्ट्राला ते अनोळखीही नाही. गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, जपून वाचावी लागते. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी नेहमीच्या १२० दिवसांच्या कितीतरी आधी मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा चांगला येतो. जी६पीडी या विकराच्या कमतरतेतही असंच होऊ शकतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं सीए १९-९ तर लुईस रक्तगटाचं जनुक चालू नसलेल्या माणसात बनतच नाही. गाठ कितीही वाढो.

भारतात सरकारी कार्यक्रमातून तपासणी होते ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. प्रोस्टेट त्यात नाही, आणि ते योग्यच म्हणायला हवं. वर्षाला सुमारे ३८ हजार नवे रुग्ण हा आकडा तोंडाच्या कॅन्सरपुढे लहान आहे. पण म्हणून पीएसए होत नाही असं नाही. तो पॅकेजमध्ये होतो, सवलतीत होतो, एखाद्याला लघवी तुंबलेली असताना दाखल केल्याच्या दिवशी होतो, म्हणजे आकडा हमखास फुगलेला असण्याच्या दिवशी. उलट प्रोस्टेटच्या वाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर तो निम्म्यावर येतो, आणि लॅबच्या काउंटरवर गोळ्या कोणत्या चालू आहेत हे बहुधा कुणी विचारत नाही. जनुकीय दुरुस्तीच्या आधी ही दुरुस्ती फुकटात होण्यासारखी आहे. काही आठवड्यांनी पुन्हा मोजून पाहणंही तसंच : अमेरिकेतल्या एका अभ्यासात चारच्या वर गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आकडा पुढच्या एखाद्या तपासणीत आपोआप खाली आला होता.

जन्मजात पातळी कळायला जनुकच वाचावं लागतं असंही नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात वयाच्या साठाव्या वर्षी दिलेलं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. पंचवीस वर्षांनी त्यात पीएसए मोजला. साठीला एक किंवा त्याहून कमी आकडा असलेल्या पुरुषांपैकी ८५ व्या वर्षापर्यंत प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले ०.२ टक्के. पंचेचाळिशी-पन्नाशीत, ग्रंथी मोठी व्हायच्या आत केलेला एक रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तर दहा वर्षांनी आलेल्या ४.३ शी तुलना त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी करता येते.

आकड्याच्या जनुकांबद्दल एवढं. आजाराच्या जनुकांची गोष्ट मात्र वेगाने पुढे चालली आहे. लंडनमधल्या बारकोड-१ या अभ्यासात रोझलिंड ईल्स यांच्या गटाने लाळेतून १३० जनुकीय फरक वाचले आणि सर्वाधिक धोक्याच्या दहा टक्क्यांत बसणाऱ्या पुरुषांना, पीएसए काहीही असो, एमआरआय आणि बायोप्सी देऊ केली. ४६८ जणांनी ती करून घेतली, १८७ जणांमध्ये कॅन्सर सापडला. त्यातल्या १०३ जणांचा ग्लीसन सात किंवा वरचा होता, आणि या १०३ पैकी ७४ जण आजच्या ब्रिटिश पद्धतीत, पीएसए आणि एमआरआयच्या चाळणीत, सुटले असते. हे सगळे युरोपीय वंशाचे पुरुष. आता ब्रिटनमध्ये ट्रान्सफॉर्म नावाची मोठी चाचणी उभी राहते आहे, तीत लाळेच्या चाचणीचाही समावेश आहे.

आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून २०२५ च्या जानेवारीत ते संशोधकांसाठी खुले केले. सुरुवात म्हणून ते मोठं काम आहे. पीएसएसाठी मात्र जनुकांसोबत त्याच माणसांचे पन्नाशीनंतरचे रक्ताचे आकडे, बायोप्सीचे निकाल आणि पंधरा-वीस वर्षांचा पाठपुरावा लागेल.

तोवर थांबायची गरज नसलेली एक गोष्ट आहे. बीआरसीए२ या जनुकातला बिघाड आपल्याकडे फक्त बायकांचा विषय समजला जातो. बहिणीला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर होतो, जनुक चाचणी होते, बिघाड सापडतो, आणि घरातल्या मुलींना, मावश्यांना तपासायला सांगितलं जातं. भाऊ रिक्षा आणायला आणि बिलं भरायला असतो. तोच बिघाड त्याच्यातही असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. असेल तर त्याला प्रोस्टेट कॅन्सर लवकरच्या वयात आणि आक्रमक स्वरूपात होण्याचा धोका वाढतो, आणि अशा पुरुषांसाठी पीएसए चाळिशीपासूनच सुरू करावा अशी मार्गदर्शक सूचना आहे. त्यांच्यासाठी आकडा किती झाल्यावर पुढे जायचं हे ठरवताना 'इम्पॅक्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने चारची रेघ वापरली नाही. तिथे बायोप्सीचा विचार तीनच्या वर गेलं की होत होता.